मूळ वाडा कोणता?

वाईच्या पंचक्रोशीत जुनं म्हणून जे काही आहे ते सगळं नाना फडणविसांचं असतं. घाट नानांचा, बारव नानांची, एखादं वठलेलं आंब्याचं झाडसुद्धा नानांच्या हातचं. आमच्या वाड्याबद्दलही हेच ऐकत मी मोठी झाले. नानांचा मेणवलीचा वाडा बांधून झाला, उरलेलं सागवान आणि रिकामे झालेले सुतार आमच्या कुणा पूर्वजानं आपल्या गावात आणले आणि आमचा वाडा उभा राहिला, ही घरची कथा. आजी ती रंगवून सांगायची. ओंडके एकमेकांना बांधून नदीतून कसे वाहत आणले, ते बघायला काठावर गाव कसं लोटलं, हेही त्यात असे. आमचं गाव मेणवलीच्या वरच्या अंगाला आहे. कृष्णा त्या दिवशी उलटी कशी वाहिली, हे आजीला विचारायची कुणाची टाप नव्हती.

तरी कथेला बूड आहे. बाळाजी जनार्दन भानूंना, म्हणजे नानांना, मेणवली इनाम मिळाली 1768 मध्ये, औंधचे पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे मंत्री यांच्याकडून. पुढं तिथं सहा चौकांचा वाडा झाला, चंद्रकोरीसारखा घाट झाला, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ झालं. त्याआधी वाईत रास्त्यांनी बांधकामांचा धडाका लावलाच होता. काशीविश्वेश्वर 1757 चा, ढोल्या गणपती 1762 चा. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं या खोऱ्यात पाथरवट, गवंडी, सुतार यांच्या हाताला काम होतं. मोठं काम संपलं की ही माणसं आसपासच्या गावांतल्या पाटील-कुळकर्ण्यांची किरकोळ कामं धरत असणार. आमच्या वाड्याच्या खांबांवरचं केळफूल आणि गणेशपट्टीवरची वेल मेणवलीच्या हाताची वाटते खरी. पण तो हात शिकाऊ असावा. आमचा गणपती जरा वाकडा बसलाय.

सुट्टीत पाहुणे आले की त्यांना मेणवली दाखवायचं काम आम्हा मुलांकडं असायचं. मेणेश्वराजवळच्या घंटेवर बाळ येशूला कडेवर घेतलेली मेरी आहे आणि 1707 हा आकडा आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या, त्यांतली ही एक. एका इमारतीची वस्तू दुसऱ्या इमारतीत जाऊन मुरते, हे मी पहिल्यांदा त्या घंटेपाशी पाहिलं. तेच आमच्या माजघरात डोक्यावर होतं, हे कळायला मात्र फार वर्षं गेली.

माजघराच्या मधल्या तुळईला खालच्या बाजूनं खाचा आहेत. चौकोनी, बोटभर खोल, ठराविक अंतरावर. त्यांत लाकडाची बुचं ठोकून वरून तेलपाणी केलेलं, म्हणून सहज दिसत नाहीत. पुण्याहून भाच्यानं वाडा पाहायला आणलेल्या वास्तुरचनाकार मुलीनं बॅटरी तिरपी धरली तेव्हा ती बुचं वेगळी दिसली. या खाचांत आमच्या घरातली कुठलीच कडी बसत नाही आणि कधी बसलेलीही नाही. ही तुळई आधी दुसऱ्या कुठल्या तरी घरात होती, तिथं तिच्यावर दुसरंच काही पेललेलं होतं. मेणवलीचं उरलेलं लाकूड असतं तर ते कोरं असतं. हे वापरलेलं आहे. त्यामुळं ज्या वाड्याला आम्ही आमचा पहिला वाडा समजत होतो, तोच आधीच्या कुणाच्या तरी पडक्या घरातून उभा राहिलेला निघाला.

आमचा वाडा तसा लहानच. मेणवलीच्या एका चौकात मावेल एवढा. दिंडीतून वाकून आत आलं की देवडी, देवडीला लागून कुळकर्ण्यांची कचेरी, मग चौक, चौकाच्या तीन अंगांना सोपे. समोरच्या सोप्यामागं माजघर, त्याच्या एका बाजूला देवघर-स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला कोठी आणि बाळंतिणीची खोली. सगळ्यात मागं परसू, न्हाणी, गोठा. जोत्यापर्यंत घडीव काळा दगड, त्यावर चपट्या विटांची भिंत. वाड्यांवरच्या पुस्तकांत ही रचना नकाशासकट असते. कुणी कुठवर यायचं हे मात्र त्या नकाशांत नसतं, आणि आमच्या घरी ते बांधकामाइतकंच पक्कं होतं. गावकीची कामं करणारे महार दिंडीबाहेर उभे राहून बोलत. कुळं चौकात येत आणि सोप्याच्या खालच्या पायरीवर बसत. बरोबरीचे पाहुणे झोपाळ्यापर्यंत. माजघराच्या उंबऱ्याच्या आत फक्त घरचे, आणि स्वयंपाकघरात सोवळ्यातल्या बायका. प्रत्येक उंबरा आधीच्यापेक्षा थोडा उंच आहे. पाणी आत येऊ नये म्हणून, असं बाबा सांगायचे. तेही कारण असेल.

बाबांची आत्या, आमची आत्याआजी, सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली होती. तिचा वाडा माजघराच्या मागल्या दारापासून परसातल्या तुळशीपर्यंतचा. पुढच्या सोप्यात ती कधी यायची नाही. तिथल्या खांबांवर काय कोरलंय हे तिनं लहानपणी पाहिलं होतं तेवढंच. घराच्या गोष्टी मात्र सगळ्यांत जास्त तिलाच माहीत, कारण प्रत्येक बाळंतपण, प्रत्येक मरण आणि प्रत्येक भांडण शेवटी मागल्या बाजूलाच येत होतं.

खिडकीची गोष्ट तिचीच. 1896 च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईत निघालेला प्लेग पुढं घाट चढून पुण्या-साताऱ्याकडं आला. उंदीर पडायला लागले की गाव रिकामं करायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं. मागं सरकारी माणसं येऊन भिंतींना चुना मारत, ऊन आत यावं म्हणून कौलं उतरवत. तोवर आमच्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीला खालच्या मजल्यावर एकही खिडकी नव्हती. पेंढाऱ्यांच्या धास्तीच्या काळातलं बांधकाम, उजेड यायचा तो चौकातून. बाळंतिणीची खोली तर चौकापासूनही दूर. ओल्या बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून ती मुद्दाम कोंडलेली, आत शेकशेगडी, धुरी, दाराला गोणपाट. पणजीची थोरली जाऊ त्या खोलीत गेली. प्लेगानं की बाळंतरोगानं, यावर आत्याआजीच्या लहानपणीसुद्धा घरात दोन तट होते. बाई गेल्यावर पणजोबांनी त्या खोलीला खिडकी पाडायची ठरवली आणि त्यांच्या आईनं अन्न सोडलं. वाड्याची भिंत फोडायची म्हणजे घराण्याला भोक पाडायचं, असं म्हातारीचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी ती जेवली. खिडकी झाली.

"हवा लागू नये म्हणून भिंत, नि हवा लागावी म्हणून भोक," आत्याआजी म्हणायची, "आणि दोन्ही वेळी वैद्याला विचारूनच हो!"

ती खिडकी अजून आहे. दीड हात जाडीच्या भिंतीत घाईनं पाडलेली. वर दगडी तोडा नाही, दोन सागवानी फळ्या आडव्या टाकल्यात आणि त्यांतली डावीकडची बोटभर खाली आलीय. आतली कड चुन्यानं नीट केलेली, बाहेरची तशीच दातेरी ठेवलेली, कारण बाहेरून कोण बघतंय! नदीकडून पाहिलं तर काळ्या-लाल भिंतीत ती बेंगरूळ दिसते. माझा जन्म तिच्याखालचा. आमच्या घरातल्या त्यानंतरच्या बहुतेकांचा.

छप्परही त्याच सुमाराला बदललं, पण त्याची तारीख थोरल्या काकांना मान्य नव्हती. काका गच्चीवजा जागेतून एक सुटं मंगलोरी कौल आणून पाहुण्यांपुढं उलटं धरत. त्यावर बासेल मिशनचं नाव आणि 1865 हा आकडा उठावात आहे. "अठराशे पासष्टचं छप्पर आहे हे," काका सांगत, आणि पाहुणे मान डोलावत. आता 1865 हे त्या मिशनानं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते साल. ते कारखान्याच्या छापाचा भाग म्हणून पुढं कौलांवर येतच राहिलं. आणि 1865 साली वाठार स्टेशनाला रूळही पडले नव्हते. एवढी कौलं घाट चढून वाईपर्यंत आणायची कुणी? आगगाडी आली, वाठारहून बैलगाड्या भरून कौलं आली, आणि दर वैशाखातली शाकारणी थांबली. त्याआधी नळीची कौलं होती. त्यांच्यावर माकडं नाचली की पावसाळ्यात घरात जागोजाग घंगाळी मांडायची.

नळीच्या कौलांखाली वेडेवाकडे वासे चालतात. कौल हातानं बसवायचं, एकावर एक रेटून. मंगलोरी कौलाला मागून उंचवटा असतो आणि तो सरळ, मापात ठोकलेल्या रिपेवरच अडकतो. म्हणून कौलं बदलायची तर रिपा बदलायच्या, रिपांसाठी वासे, आणि वाशांसाठी आढंही. आमच्या घराचा माथा अख्खा नवा झाला, फक्त कौलांपुरता नाही. काकांच्या 1865 च्या गर्वात हे सगळं लाकूडकाम आणि ते करणारे सुतार गडप झाले. त्या सुतारांची एकही गोष्ट घरात नाही. नानांच्या सुतारांची आहे.

कागदांची गोष्ट मात्र काकांची लाडकी. साताऱ्याचं राज्य 1848 मध्ये खालसा झालं, 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशनला दात आले, आणि ज्याच्याकडं सनद नाही त्याचं इनाम जाणार म्हटल्यावर गावोगाव कागद शोधणं सुरू झालं. आमच्याकडं उलट झालं म्हणे. कागदांत काही अडचणीचं होतं, म्हणून पूर्वजांनी मोडी दप्तराचे रुमालच्या रुमाल मागल्या भिंतीत चिणून टाकले. अडचणीचं काय होतं ते काका सांगत नसत. भिंतीकडं बोट दाखवत फक्त.

आणि मग जळीत.

आजी एरवी नदी उलटी वाहवायची, पण जळिताबद्दल चार वाक्यांपलीकडं जायची नाही. 30 जानेवारी 1948 ला दिल्लीत गांधीजींचा खून झाला, मारेकरी महाराष्ट्रातला ब्राह्मण निघाला, आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावोगावी ब्राह्मणांची घरं पेटली. आमच्या वाड्याला पुढच्या सोप्यावर माडी होती. ती गेली. बाबा दहा वर्षांचे होते. त्यांना आठवतं ते कडीपाट तडतडत फुटल्याचं आणि परसाच्या दारातून कुणीतरी त्यांना खांद्यावर टाकून नेल्याचं. ते कुणीतरी म्हणजे आमचं एक कूळ. आजीच्या गोष्टीत त्या घरानं आम्हाला दोन रात्री गोठ्यात लपवलं आणि भाकरी दिली. आत्याआजीच्या गोष्टीत त्याच घरातला धाकटा रॉकेलचा डबा घेऊन जमावात होता. लहानपणी मी यातली खरी गोष्ट कोणती म्हणून दोघींच्या मागं लागायचे. एका घरात दोन भाऊ असतात, हे पुरेसं उत्तर होतं. चौकाच्या खालच्या पायरीवर पिढ्यान् पिढ्या बसलेल्या माणसांच्या मनात त्या वाड्याबद्दल काय होतं, हे आमच्या घरात कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचंही नाही. जाळपोळीचं समर्थन मी करत नाही. पण वाड्याचा इतिहास फक्त माडीवरून सांगितला तर तो अर्धाच राहतो.

पुढच्या सोप्याच्या खांबांचं काय झालं ते मला उशिरा कळलं. जुनं, जाडजूड सागवान एकदम जळत नाही. वरून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या गाभ्याला काही काळ आग लागू देत नाही. माडीच्या फळ्या, बारीक कड्या जळून गेल्या, खांब उभे राहिले. मग आजोबांनी वाईहून एक सुतार आणला आणि त्यानं वाकसानं खांबांवरचा कोळसा तासून काढला. त्याबरोबर केळफूल गेलं, वेल गेली, खांबांची अंगं उतरली. म्हणून आमचे पुढचे खांब सडपातळ आणि साधे आहेत, मागचे जाड आणि कोरीव. खाली तळखडे मात्र जुन्या मापाचेच राहिले, त्यामुळं पुढच्या खांबांच्या पायाशी चारी बाजूंनी रिकामा दगड दिसतो. वाडे हिंडून पाहणारे एक गृहस्थ एकदा आले होते. खांबांचा साधेपणा पाहून त्यांनी आमचा सोपा उत्तर पेशवाईतला ठरवला. आजी आतून ऐकत होती. बाहेर आली नाही.

माडी परत झाली नाही. वर पत्रा पडला. भिंतीतला दगडी जिना तेवढा उरला, तो पंधरा-सोळा पायऱ्या चढून पत्र्याला टेकतो. आम्ही त्यात आंब्यांची अढी घालायचो. दोन चुलते त्या वर्षी पुण्याला गेले ते सणापुरते परत आले.

त्यानंतरचे बदल आग न लागता झाले. 1950 च्या कायद्यानं उरलंसुरलं कुळकर्णी वतन संपलं, कचेरीची खोली रिकामी झाली आणि तिथं सायकली आल्या. 1 एप्रिल 1957 ला कुळकायद्यानं कसणारे जमिनीचे मालक झाले. आजोबा त्या दिवसाला आयुष्यभर 'एप्रिल फूल' म्हणत राहिले. कुळांच्या घरी काय म्हणत असतील याची कल्पना करता येते, आणि मला आता त्यांचंच म्हणणं पटतं. पण घराच्या दृष्टीनं झालं ते असं, की खंडाचं धान्य यायचं थांबलं. कोठीतली बळदं, म्हणजे भिंतीला लागून बांधलेले पुरुषभर उंचीचे कणगे, रिकामे पडले. रिकामं बळद पोखरतं. शेवटी ते फोडून ती खोली एका मास्तरांना भाड्यानं दिली. वाड्यात पहिलं भाडं आलं, आणि आत्याआजीच्या माजघरापासून दहा पावलांवर पहिल्यांदा परका संसार आला. मास्तर ब्राह्मण नव्हते. पहिले काही महिने आत्याआजी त्यांच्या दारावरून जाताना भिंतीला घासून जायची. नंतर त्यांच्या मुलीला तिनंच अक्षर वळवायला शिकवलं.

भूकंप मला स्वतःला आठवतो. 11 डिसेंबर 1967, पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी. केंद्र कोयनानगरला, आमच्यापासून साठेक किलोमीटर. तिकडं माणसं मेली, वस्ती झोपली. आमच्याकडं मला जाग आली ती भांड्यांच्या आवाजानं. फडताळातली पितळी एकामागून एक खाली येत होती. मग मागल्या बाजूनं एक लांबलचक घरघर, आणि नंतर धूळ. आईनं मला उचललं आणि आम्ही चौकात उभे राहिलो, थंडीत, सगळे, पहिल्यांदा एकाच जागी.

उजाडल्यावर पाहिलं तर मागली भिंत परसात आडवी झाली होती, आणि माजघराचं छप्पर होतं तिथंच होतं. मला वाटलं जादू झाली. बाबांनी समजावून सांगितलं. आपल्या घरात भिंत काहीच उचलत नाही. तळखड्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तांवर तुळई, तुळईवर कड्या, असा सगळा भार लाकडावरून जमिनीत जातो. सांध्यांत लोखंडी खिळा नाही, कुसू खाचेत बसवून लाकडाची खुंटी मारलेली. घर हललं की सांधे कुरकुरतात, जरा सरकतात आणि परत बसतात. भिंत नुसती मधली जागा भरते. मागली विटांची नव्हती, दगड-मातीची, लाकडाला फारशी न बांधलेली, म्हणून ती बाहेर पडली. नशीब की बाहेर पडली. 1993 मध्ये किल्लारीला हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या जड मातीखाली गाडली गेली तेव्हा बाबा हेच परत सांगत होते, वर्तमानपत्र हातात धरून. आपलं छप्पर कौलाचं, हलकं. तिकडं पाऊस कमी म्हणून माळवदं, आणि दर वर्षी वर मातीचा नवा थर.

त्या दिवशी मात्र बाबांनी आणि काकांनी पहिलं काम केलं ते ढिगारा उपसायचं. इनाम कमिशनच्या काळातले रुमाल ज्या भिंतीत चिणले होते, तीच ही भिंत. दुपारपर्यंत दोघे भाऊ, मास्तर आणि शेजारची चार माणसं दगड उचलत होती. निघाला एक फुटका तांब्या आणि उंदरांनी साठवलेल्या चिंचोक्यांचा ढीग. काकांनी त्यानंतर ती गोष्ट पाहुण्यांना सांगताना शेवट बदलला. कागद काढून नेले, कुणी ते माहीत आहे, पण नाव घेत नाही.

मागली बाजू उघडी पडल्यामुळं आत्याआजीला जागाच उरली नाही. तिची वळकटी पुढच्या सोप्यात आणली. ती तिथं महिना-दोन महिने राहिली. येणारे-जाणारे तिला नमस्कार करू लागले, ती त्यांच्याशी बोलू लागली, आणि भिंत परत उभी राहिल्यावरही संध्याकाळी झोपाळ्यावर येऊन बसायची सवय गेली नाही. वाड्यातल्या कुठल्याही बदलाइतका हा मोठा बदल होता, पण नकाशावर काढता येणार नाही.

नवी भिंत सिमेंटची झाली. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, त्यासाठी बाबांनी साताऱ्याला खेटे घातले. परसात चुन्याची घाणी होती, अजून आहे, दगडी गोल चर आणि त्यात आडवं पडलेलं जातं. एके काळी त्यात बैल फिरवून चुना, वाळू, गुळाचं पाणी, बेलफळाचा चीक असं मळून काढत. पण तो चुना मळणारं माणूस 1967 मध्ये गावात उरलं नव्हतं, आणि असतं तरी सिमेंटपुढं त्याला कुणी विचारलं नसतं. विटा आल्या, भिंत चढली, आणि तिच्यावर पाणी मारायचं काम धाकट्या आत्यावर आलं. आत्या तेव्हा सतरा वर्षांची.

खरी चूक त्यानंतर झाली. धोम धरण झालं, कालव्याचं पाणी आलं, उरलेल्या चार एकरांत ऊस आला आणि हातात पैसा खेळू लागला. आमच्याकडं सगळ्या जुन्या भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा झाला, खांबांना तेलरंग, माजघराच्या सारवलेल्या जमिनीवर शाहाबादी फरशी. मोठी टापटीप दिसली. चुन्या-मातीची भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि उन्हाळ्यात सोडते. तिला सिमेंटनं लिंपलं की प्यायलेलं बाहेर टाकता येत नाही. ओल वर चढत गेली, गिलाव्याला फुगे आले, पांढरा खार फुटला, आणि भिंतीत घुसलेली तुळयांची टोकं आतल्या आत कुजली. आगीनं आणि भूकंपानं जे केलं नव्हतं ते सिमेंटच्या गिलाव्यानं तीस वर्षांत केलं. वास्तुरचनाकार मुलीनं एका तुळईच्या टोकात पेचकस घातला तो मुठीपर्यंत आत गेला.

आता भाच्याला तिथं पाहुण्यांसाठी निवासव्यवस्था काढायचीय. पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी गर्दी वाईवरून जाते, आणि 2004 च्या 'स्वदेस'पासून मेणवलीचा घाट बघायला शहरी माणसं गाडी वळवतातच. बहिणींचेही हिस्से असल्यानं सगळ्यांच्या सह्या लागल्या, त्यात दोन वर्षं गेली. सह्या झाल्यावर भाच्यानं जाहीर केलं की वाडा 'मूळ स्वरूपात' आणायचा. नंतरचं सगळं काढायचं.

त्या मुलीनं शांतपणे विचारलं, "मूळ म्हणजे कुठल्या सालचं?"

भाचा म्हणाला, नानांच्या वेळचं. मग तिनं वही उघडली. नानांच्या वेळचं हवं तर मंगलोरी कौलं उतरवावी लागतील, कारण ती रेल्वेनंतरची. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी बुजवावी लागेल. पुढचे तासलेले खांब बदलून जाड, कोरीव खांब नवे घडवून लावावे लागतील, म्हणजे खऱ्या जुन्या लाकडाच्या जागी खोटं जुनं लाकूड येईल. माडी बांधावी लागेल, पण ती कशी होती हे सांगणारं चित्र नाही, फक्त वडीलधाऱ्यांच्या गोष्टी आहेत. आणि माजघराची तुळई तर आधीच्याच कुणाच्या तरी घराची, तिचं काय? भाचा माझ्याकडं बघू लागला. मला वाटतं, त्याला मूळ वाडा नको होता. छायाचित्रात चांगला दिसणारा वाडा हवा होता. त्यात गैर काही नाही, तसं सरळ म्हणावं एवढंच.

गेले काही महिने हे ठरतंय. सिमेंटचा गिलावा उतरवून चुन्याचा करायचा, यावर सगळ्यांचं एकमत आहे, आणि चुना मळणारी माणसं ती मुलगी बाहेरून आणतेय. कुजलेल्या तुळयांची टोकं कापून तिथं नवं सागवान सांध्यानं जोडायचं, जोड लपवायचा नाही. पुढचे खांब आहेत तसे ठेवायचे, तेलरंग खरवडून. रंगाखाली वाकसाचे ओरखडे निघालेत, बोटांनी मोजता येतात. पाहुण्यांना काय सांगायचं, असं भाच्यानं विचारलं. मी म्हटलं, जळीत सांग. तो म्हणाला, सुट्टीवर आलेल्या माणसांना? यावर माझ्याकडं उत्तर नाही, पण उत्तर पेशवाई सांगायची नाही एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

घोडं अडलं ते भूकंपानंतरच्या भिंतीपाशी. सबंध घरात तीच एक भिंत अशी की तिच्यात जुनं काहीही नाही. सिमेंट, भट्टीची वीट, काही सौंदर्यही नाही. ती पाडून दगडाची करू, असं भाचा म्हणाला, आणि त्या मुलीलाही त्यात फारसं वावगं दिसलं नाही. मी आत्याला साताऱ्याला फोन लावला, आणि तिच्याही हिश्श्याचा वाडा म्हणून भाच्यानं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"कुठली भिंत?" आत्या म्हणाली. "मागली? हात लावायचा नाही तिला. ऐन परीक्षेच्या दिवसांत सकाळ-दुपार-संध्याकाळ नदीवरून कळशा आणून पाणी मारलंय मी तिच्यावर. एक तडा दाखव! तुमच्या नानांच्या भिंतीला एवढं जमलं नाही."

भिंत आराखड्यात राहिली. आता भांडण उरलंय ते पाहुण्यांचे संडास-बाथरूम कुठं काढायचे यावर. भाच्याच्या मते भिंतीतल्या जिन्याच्या जागी, म्हणजे जिना काढता तरी येईल. आत्याच्या मते बाळंतिणीच्या खोलीत, कारण अख्ख्या मागल्या बाजूला खिडकी काय ती तिथंच आहे.